पाचशे तासांचं ऑइल

मार्च उलटला आणि मराठवाड्यातला एखादा पाझर तलाव तळाशी भेगाळला, की त्यात पोकलेन उतरतं. डिसेंबर २०१४ मध्ये जलयुक्त शिवार अभियान आलं, २०१६ पासून पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत श्रमदानाच्या जोडीला गावोगाव यंत्रं लागली, २०१७ मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना सुरू झाली. तेव्हापासून उन्हाळा आणि पोकलेन ही जोडी खेड्यापाड्यांत पक्की झाली आहे. मृग लागायच्या आत निघेल तेवढा गाळ काढायचा असतो. ट्रॅक्टर रांगेत उभे असतात, धुरळा उडत असतो आणि यंत्र दिवसाला दहा-बारा तास चालतं.

या वेगाने पाचशे तास दीड महिन्यात भरतात. मार्चअखेर नवं ऑइल टाकून आलेल्या यंत्राचं ऑइल बदलायची वेळ मग नेमकी मेच्या मध्यावर येते. तेव्हा वळवाचे ढग जमायला लागलेले असतात, शेतकरी गाळासाठी खोळंबलेले असतात आणि ‘एवढं काम उरकू, मग बघू’ हे साइटवर ज्याच्या त्याच्या तोंडी असतं. वीस टनी यंत्राचं इंजिन ऑइल आणि फिल्टर बदलायला जाणत्या मेकॅनिकला दीड-दोन तास पुरतात. तेवढ्यासाठी यंत्र थांबवलं की नाही, यावर इंजिनाचं पुढचं आयुष्य बरंचसं ठरतं.

पोकलेन म्हणजे जेसीबी नव्हे. जेसीबी टायरवर पळतो, पुढे लोडर आणि मागे खोदायचा हात. पोकलेन मात्र चेनवर चालतं आणि केबिनसकट स्वतःभोवती पूर्ण फिरतं. पोकलेन ही मुळात फ्रान्समधली कंपनी. १९६१ मध्ये तिचं टीवाय ४५ हे पूर्ण हायड्रॉलिक, गोल फिरणारं यंत्र बाजारात आलं. भारतात लार्सन अँड टुब्रोने या कंपनीच्या सहकार्याने एक्स्कॅव्हेटर बनवले आणि पुढे कोमात्सू असो, टाटा हिताची असो की ह्युंदाई, महाराष्ट्रात सगळ्यांचं नाव पोकलेनच पडलं.

यंत्रात ऑइल मुख्यतः दोन ठिकाणी असतं आणि नवख्या मालकाची इथेच गल्लत होते. बूम, आर्म, बकेट आणि चेन ज्या ताकदीवर हलतात ते हायड्रॉलिक ऑइल वेगळं. कोमात्सूच्या पीसी २००-८ या साइटवर नेहमी दिसणाऱ्या यंत्राचं उदाहरण घेतलं, तर त्याच्या हायड्रॉलिक टाकीत १३५ लिटर ऑइल बसतं आणि ते पाच हजार तासांनी बदलायचं असतं. इंजिनाच्या चेंबरमधलं ऑइल बदलताना लागतं २३.१ लिटर, आणि त्याची मुदत फक्त पाचशे तास. दहापट फरक का? हायड्रॉलिक ऑइल बंद वाटेने फिरतं, त्याचा आगीशी संबंध येत नाही. इंजिन ऑइल मात्र दर क्षणी स्फोटाच्या शेजारी असतं. पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून निसटलेला धूर, काजळी, आम्ल आणि अर्धवट जळालेलं डिझेल हे सगळं चेंबरमध्ये उतरतं आणि ऑइलला ते पोटात घ्यावं लागतं.

पाचशे तास म्हणजे किती काम? ट्रकचा सरासरी वेग ताशी ४० किलोमीटर धरला तर पाचशे तासांत तो २०,००० किलोमीटर जातो. पण ट्रकला उतार लागतो, सिग्नल लागतो, घाटानंतर सपाट रस्ता लागतो. पोकलेनचा ऑपरेटर सकाळी ॲक्सिलरेटरची डायल वर सरकवतो आणि इंजिन जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्याच चढ्या फेऱ्यांवर राहतं. मिनिटाला २,००० फेरे धरले तर पाचशे तासांत क्रँकशाफ्ट ६ कोटी वेळा फिरतो. म्हणूनच या यंत्रांचा हिशेब किलोमीटरमध्ये होत नाही, तासांच्या मीटरवर होतो. इंजिन नुसतं चालू ठेवून सावलीत बसलं तरी मीटर पळतं, आणि ऑइल खराब होणंही थांबत नाही. रिकाम्या चालत्या इंजिनाचं तापमान कमी राहतं, डिझेल नीट जळत नाही आणि न जळालेला अंश ऑइलमध्ये उतरतो.

हे ऑइल आत नेमकं करतं काय, याचा शोध अचानक लागला. इंग्लंडमध्ये इन्स्टिट्यूशन ऑफ मेकॅनिकल इंजिनिअर्ससाठी बोशँप टॉवर हा अभियंता रेल्वेच्या बेअरिंगांवर प्रयोग करत होता. ऑइल घालण्यासाठी म्हणून त्याने बेअरिंगच्या वरच्या बाजूला एक भोक पाडलं. यंत्र सुरू झालं तसं ऑइल आत जायच्या ऐवजी त्याच भोकातून वर यायला लागलं. त्याने भोकात लाकडी खुंटी ठोकली, तर ऑइलने ती बाहेर ढकलली. मग तिथे दाब मोजायचं मीटर लावलं, तेव्हा कळलं की फिरत्या दांड्याने ओढून नेलेल्या ऑइलमध्ये जबरदस्त दाब तयार होतो आणि बेअरिंगवरचा सगळा भार धातूवर न येता त्या दाबाच्या थरावर तोलला जातो. टॉवरचा हा अहवाल १८८३ चा. ऑसबर्न रेनॉल्ड्सने १८८६ मध्ये त्यामागचं गणित मांडलं आणि आजही बेअरिंगची रचना त्याच समीकरणावर होते.

पोकलेनच्या इंजिनात क्रँकशाफ्ट आणि त्याचे बेअरिंग, ज्यांना मेकॅनिक बुश म्हणतात, सुरळीत चालू असताना एकमेकांना टेकत नाहीत. मध्ये काही मायक्रॉन जाडीचा ऑइलचा थर असतो. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड. त्यावरून या थराच्या नाजूकपणाचा अंदाज यावा. टर्बोचार्जरचा दांडा तर मिनिटाला लाखाच्या घरात फेरे घेतो आणि तोही याच ऑइलवर तरंगतो. थरापेक्षा मोठा कण त्यात घुसला की तो दोन्ही बाजूंच्या धातूला एकाच वेळी ओरखडतो आणि त्या ओरखड्यातून सुटलेला धातूचा कण पुढचा ओरखडा काढायला मोकळा होतो. झिजेतून झीज वाढते ती अशी.

महाराष्ट्रात या कणांची उणीव नाही. राज्याचा बहुतेक भाग दख्खनच्या बेसॉल्टवर वसला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा हा काळा दगड. त्यातली प्लॅजिओक्लेज आणि पायरॉक्सिन ही खनिजं मोह्सच्या कठीणपणाच्या मापावर साधारण ५ ते ६.५ वर येतात. बेअरिंगचा मऊ मिश्रधातू त्यांच्यापुढे टिकत नाही. खडी क्रशरच्या खाणीत, महामार्गाच्या कटिंगमध्ये, विहिरीच्या खोदाईत हीच भुकटी हवेत असते. ती इंजिनात शिरते ती ऑइलच्या वाटेने नव्हे, हवेच्या वाटेने. एअर फिल्टर फाटका असेल, किंवा फिल्टर आणि टर्बो यांच्यामधल्या रबरी नळीचा क्लॅम्प ढिला असेल, तर धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते, लायनर आणि रिंगा घासते आणि उरलेली चेंबरमध्ये उतरते. ऑइल वेळेवर बदलूनही इंजिन लवकर झिजलं, तर आधी त्या नळीकडे पाहावं. चांगला मेकॅनिक ऑइल बदलायच्या दिवशी क्लॅम्प हाताने हलवून बघतो, तो याच कारणाने.

मग काळ्या रंगाचा प्रश्न येतो. नवं ऑइल सोनेरी असतं, आणि टाकल्यावर पन्नास-साठ तासांतच काळं पडतं. त्यावरून ऑइल भेसळीचं निघालं असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ आहेत. उलट्या बाजूला, ऑइल अजून फार काळं दिसत नाही म्हणून आणखी शंभर तास ओढणारेही आहेत. दोघांचाही आधार चुकीचा आहे. डिझेल इंजिनात काजळी तयार होतेच. ऑइलमधले डिस्पर्संट नावाचे घटक काजळीचे कण सुटेसुटे धरून ठेवतात, त्यांची गुठळी होऊ देत नाहीत, तळाशी बसू देत नाहीत. काळं ऑइल म्हणजे आपलं काम करणारं ऑइल. डिस्पर्संटची ताकद संपली की काजळी एकत्र येऊन घट्ट होते, वाहिन्यांत साचते, आणि हे डिपस्टिकवरच्या थेंबाच्या रंगावरून कळत नाही.

ऑइलमध्ये आणखी काही घटक असतात आणि तेही खर्च होत जातात. कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे डिटर्जंट आम्लाला मारतात. जस्त आणि फॉस्फरस यांचं एक संयुग धातूवर पातळ कवच धरतं. इंजिन सुरू होताना, ऑइलचा दाब तयार व्हायच्या आधीच्या क्षणांत, तेच धातूला वाचवतं. मूळ तेल सहसा झिजत नाही. झिजतात ते हे मिसळलेले घटक.

आम्लाची बाब गेल्या काही वर्षांत बदलली आहे. डिझेलमधलं गंधक जळून त्याचं आम्ल होतं. भारत स्टेज तीनच्या डिझेलमध्ये गंधकाची मर्यादा दहा लाखांत ३५० भाग होती, स्टेज चारला ५० झाली आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर स्टेज सहाचं डिझेल आलं तेव्हा ती १० वर आली. जुन्या मेकॅनिकांचा अडीचशे तासांचा नियम त्या जास्त गंधकाच्या काळातला आणि त्या काळच्या ऑइलचा आहे. आज यंत्राच्या पुस्तकात पाचशे तास लिहिले असतील तर ते जबाबदारीने लिहिलेले असतात. मात्र त्याच पुस्तकात पुढे एक ओळ असते, तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही: धूळ फार असेल, किंवा डिझेलच्या दर्जाची खात्री नसेल, तर मुदत कमी करा. बॅरलमधून हातपंपाने, फडक्याच्या गाळणीतून डिझेल भरणाऱ्या क्रशरवरच्या यंत्राला अडीचशे तास आजही योग्यच. नवीन यंत्राची पहिली सर्व्हिसही पुस्तकात लवकरची सांगितलेली असते, कारण नव्या भागांची सुरुवातीची घासाघासी ऑइलमध्ये उतरलेली असते.

ग्रेडबद्दल थोडं. आपल्याकडच्या बहुतेक पोकलेनमध्ये १५ डब्ल्यू ४० ऑइल पडतं. यातला ४० हा आकडा इंजिन तापल्यावरच्या घट्टपणाचा. १०० अंश सेल्सिअसला ऑइल किती दाट राहतं ते तो सांगतो. १५ डब्ल्यू थंडीतल्या सुरुवातीचा. नागपूरच्या मेमध्ये त्याची चिंता नसते, लडाखच्या जानेवारीत असते. याहून महत्त्वाची आहेत डब्यावरची, ऑइलचा दर्जा सांगणारी एपीआयची अक्षरं. सीआय-४ ही श्रेणी २००२ ची, सीके-४ ही डिसेंबर २०१६ ची. चाकांवर चालणाऱ्या बांधकाम यंत्रांना भारतात एप्रिल २०२१ पासून धुराचे चौथ्या स्टेजचे आणि १ जानेवारी २०२५ पासून पाचव्या स्टेजचे नियम लागू झाले. पाचव्या स्टेजच्या इंजिनांमागे काजळी अडवणारा फिल्टर येतो. ऑइलमधले धातू जळून जी राख होते ती त्या फिल्टरमध्ये अडकते आणि काजळीसारखी ती जाळून टाकता येत नाही. सीके-४ ऑइलमध्ये राखेवर १ टक्क्याची मर्यादा आहे ती यासाठीच. जुन्या यंत्रासाठी आणलेला उरलेला डबा नव्या यंत्रात ओतला, तर त्याच दिवशी काही बिघडत नाही. बिघडतं ते काही महिन्यांनी, आणि तो फिल्टर फार महाग असतो.

आता प्रत्यक्ष काम. यंत्र सपाट, टणक जागी उभं करायचं, बकेट जमिनीवर टेकवायची, सेफ्टी लीव्हर लॉक करायचा, इंजिन बंद करून चावी काढून खिशात ठेवायची. ही शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटते, पण मेकॅनिक यंत्राखाली असताना भलत्याच माणसाने स्टार्टर मारल्यावर काय होईल याची कल्पना केली तर ती क्षुल्लक राहत नाही. केबिनच्या दारावर ‘काम चालू, सुरू करू नये’ अशी पाटी टांगणारे ठेकेदार आहेत. त्यांचं अनुकरण व्हायला हवं.

ऑइल कोमट हवं. थंड ऑइल घट्ट असतं, हळू उतरतं आणि गाळ तळाशीच सोडतं. यंत्र नुकतंच थांबलेलं असेल तर ऑइल शंभर अंशाच्या आसपास असतं आणि प्लग निघताच हातावरून, कोपरापर्यंत वाहतं. भाजलेल्या मनगटांचं मुख्य कारण हीच घाई. अर्धा तास थांबणं बरं. काही यंत्रांत प्लगऐवजी ड्रेन व्हॉल्व्ह असतो, त्याला नळी जोडून ऑइल सरळ बॅरलमध्ये घेता येतं. बाकीच्यांत खालची पत्र्याची प्लेट काढून चेंबरखाली वीस-पंचवीस लिटर मावेल असं पसरट घमेलं सरकवायचं. वरचं भरण्याचं टोपण सैल केलं की हवा आत शिरते आणि धार एकसारखी पडते.

धार पडत असताना तिच्याकडे पाहायचं. चकाकणारी धातूची भुकटी दिसते का, डिझेलचा वास येतो का, ऑइल ताकासारखं पांढुरकं आहे का. पांढुरकं ऑइल म्हणजे आत पाणी किंवा कूलंट शिरलेलं. हेड गॅस्केट किंवा ऑइल कूलर गेलेला असू शकतो. अशा इंजिनात नवं ऑइल भरून काम पुढे रेटणं म्हणजे त्या ऑइलचे पैसे वाया घालवणंच. ज्यांच्याकडे दहा-वीस यंत्रं आहेत त्यांनी धार मध्यावर आली की शंभर मिलिलिटर ऑइल कोरड्या, स्वच्छ बाटलीत घेऊन तपासणीला पाठवावं. यंत्र कंपन्यांच्या आणि ऑइल कंपन्यांच्या प्रयोगशाळा ही तपासणी करतात. अहवालात सिलिकॉन आणि ॲल्युमिनियम एकत्र चढले असतील तर धूळ शिरते आहे. तांबं आणि शिसं चढलं असेल तर बुश झिजताहेत. सोडियम किंवा पोटॅशियम चढलं असेल तर बहुधा कूलंट येतो आहे. इंजिन खोलायच्या कितीतरी आधी हे कळतं. एका अहवालापेक्षा लागोपाठच्या चार अहवालांतला चढ जास्त बोलका असतो.

ऑइल निथळेपर्यंत फिल्टरकडे वळायचं. १९२० च्या दशकापर्यंत मोटारींच्या इंजिनात ऑइल फिल्टर नसायचाच. अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलँड आणि जॉर्ज ग्रीनहाल्श यांनी १९२३ मध्ये प्युरोलेटर या नावाने तो आणला. आजचा फिल्टर म्हणजे पत्र्याच्या डब्यात घड्या घालून बसवलेला खास कागद किंवा कृत्रिम धाग्याचं पातळ कापड. पंप चेंबरमधलं सगळं ऑइल दर मिनिटाला एकदा तरी त्यातून ढकलतो. कागद चोंदला तर ऑइल अडून इंजिन कोरडं पडेल, म्हणून एक बायपास व्हॉल्व्ह ठेवलेला असतो. दाब वाढला की तो उघडतो आणि ऑइल न गाळताच पुढे जातं. ऑइलच नसण्यापेक्षा घाण ऑइल मिळालेलं बरं, एवढाच त्याचा हिशेब. पाचशेचे आठशे तास झाले की नेमकं हेच घडतं, आणि डॅशबोर्डवर एकही दिवा लागत नाही. इंजिन छान चालतंय असं ऑपरेटर सांगतो, ते त्याच्या परीने खरंच असतं.

फिल्टर पट्ट्याच्या किंवा चेनच्या पान्याने उलटा फिरवून काढतात. काढल्यावर पहिली नजर त्याच्या तोंडाकडे टाकायची: रबरी गॅस्केट त्याच्यासोबत आली का? पुष्कळदा ती उष्णतेने इंजिनाच्या तोंडाला चिकटून राहते. काळ्या धातूवर काळं, ऑइलने माखलेलं रबर दिसत नाही. तिच्यावरच नवा फिल्टर बसला तर दोन गॅस्केट एकावर एक येतात. सुरू केल्यावर मिनिटभर सगळं ठीक वाटतं, मग दाबाने वरची गॅस्केट सरकते आणि ऑइलची चिळकांडी थेट गरम टर्बोच्या दिशेने उडते. पोकलेनला आग लागण्याच्या कारणांत गरम भागावर उडालेलं ऑइल ठळकपणे येतं. म्हणून तोंड स्वच्छ फडक्याने पुसायचं आणि बोट गोल फिरवून खात्री करायची. इथे सुताचा गुंडा वापरू नये, त्याचे धागे आत जातात.

नव्या फिल्टरच्या रबराला बोटाने नवं ऑइल लावायचं. कोरडं रबर आवळताना पिळवटतं. फिल्टर हातानेच फिरवत न्यायचा, रबर टेकलं की तिथून पाऊण ते एक फेरा, बस. पान्याने आवळलेला फिल्टर गळत नाही असं नाही, आणि पुढच्या वेळी मात्र तो निघता निघत नाही. मग त्याच्या पोटात स्क्रू ड्रायव्हर खुपसावा लागतो.

फिल्टर आधी ऑइलने भरून लावावा की कोरडा, यावर साइटवर हमखास वाद होतो. दोन्ही बाजूंना अर्थ आहे. भरलेल्या फिल्टरमुळे सुरू होताना दाब लवकर येतो आणि टर्बो कोरडा राहत नाही. पण मधल्या मोठ्या भोकातून ओतलेलं ऑइल गाळल्यानंतरच्या बाजूला पडतं, म्हणजे डब्यातला किंवा नरसाळ्यातला कचरा न गाळता सरळ बेअरिंगपर्यंत पोचतो. तलावाच्या तळाशी, वाऱ्यात, उघड्या डब्यातून ओतताना हा धोका मोठा आहे. इंजिन बनवणाऱ्याने पुस्तकात जे सांगितलं असेल ते करावं. भरायलाच सांगितलं असेल तर ऑइल कडेच्या बारीक भोकांतून घालावं, वेळ लागला तरी.

ड्रेन प्लगला नवा वॉशर लावून तो आवळायचा, ऑइल पुस्तकातल्या मापापेक्षा थोडं कमी भरायचं आणि इंजिन मंद फेऱ्यांवर सुरू करायचं. ऑइलच्या दाबाचा दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. नाही विझला तर लगेच बंद. पाचेक मिनिटं चालवून, फिल्टर आणि प्लगभोवती हात फिरवून, इंजिन थांबवायचं. पंधरा मिनिटांनी डिपस्टिक पाहायची, कारण तेवढ्या वेळात वरचं ऑइल चेंबरमध्ये उतरतं आणि खरी पातळी कळते. कमी असेल तर खुणेपर्यंत भरायचं. जास्त ऑइलही वाईट: क्रँकशाफ्ट त्यात आपटतो, फेस होतो, आणि फेसाने बेअरिंगला दाबाचा थर मिळत नाही. शेवटी तारीख आणि मीटरवरचे तास मार्करने फिल्टरवरच लिहून ठेवायचे. वही साइटवरून साइटवर जाताना हरवते.

जुना फिल्टर मात्र लगेच टाकून देऊ नये. एवढी स्वस्त तपासणी दुसरी नाही. फिल्टर कापायचं गोल कटर मिळतं, त्याने डबा कापावा. हॅकसॉने कापला तर करवतीचाच कीस आत पडतो आणि इंजिनाचा म्हणून मोजला जातो. घड्यांचा कागद पात्याने सोडवून, दाबून निथळवून, पांढऱ्या कागदावर उन्हात पसरायचा. काळा चिकट थर नेहमीचाच. बोटाने सारला की त्यात काही चमकतंय का ते दिसतं. चुंबकाला चिकटलं तर लोखंड: लायनर, रिंगा, गिअर. चिकटलं नाही आणि पांढरट असलं तर ॲल्युमिनियम, बहुधा पिस्टन. पिवळसर-तांबूस असलं तर टर्बोचा किंवा कनेक्टिंग रॉडचा बुश. एखाददुसरा ठिपका दिसला म्हणून घाबरायचं कारण नाही, पण नखावर घेता येतील असे तुकडे दिसले तर यंत्र त्याच दिवशी थांबवावं. बुश बदलण्याचा खर्च आणि क्रँकशाफ्ट धरल्यावर होणारा खर्च यांची तुलनाच होऊ शकत नाही.

बनावट ऑइलचा धोका या सगळ्या काळजीवर पाणी फिरवतो. नामांकित कंपनीच्या रिकाम्या बादल्या भंगारातून गोळा होतात, त्यात वापरून गाळलेलं ऑइल भरलं जातं, वर नवं सील बसतं. अधिकृत विक्रेत्याकडून बिल घेऊन खरेदी आणि डब्यावरचा बॅच क्रमांक पाहणं हा एक उपाय. दुसरा अनेक फिटर आपण होऊन करतात: बादली रिकामी झाली की तळाला छिन्नीने भोक पाडायचं. ती बादली मग पुन्हा कुणाला विकता येत नाही.

तासांइतकंच कॅलेंडरही पाहावं लागतं. पावसाळ्यात यंत्र काही महिने उभं राहणार असेल तर ऑइल उभं करण्याआधी बदलावं, दिवाळीनंतर काम सुरू करताना नव्हे. वापरलेल्या ऑइलमधलं आम्ल आणि ओलावा उभ्या इंजिनातही बेअरिंगला खात असतात. तास भरले नसले तरी वर्षातून एकदा ऑइल बदलण्याची सूचना असते ती याच कारणाने.

राहिलं घमेल्यातलं जुनं ऑइल. खेड्यात त्याला गिऱ्हाईक लगेच मिळतं. शटरिंगच्या फळ्यांना लावायला, लाकडाची वाळवी मारायला, कुंपणाच्या खांबांना फासायला ते नेलं जातं, आणि काही न सुचल्यास बांधाच्या कडेला ओतलं जातं. गाळ काढल्यावर जो तलाव गावाचं पाणी धरणार, त्याच्याच तळाशी ते ओतलेलं असेल तर अख्ख्या कामाचा अर्थच हरवतो. वापरलेल्या ऑइलमध्ये झिजलेले धातू आणि ज्वलनातून आलेली कर्करोगाला कारण ठरणारी संयुगं असतात. एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर ऑइल दहा लाख गॅलन गोडं पाणी नासवू शकतं, असं अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था सांगते. पीसी २००-८ च्या एका सर्व्हिसमध्ये त्याच्या सहापट ऑइल निघतं. ते रोज हाताळणाऱ्या मेकॅनिकनेही नायट्राइलचे हातमोजे घालावेत. हात डिझेलने धुण्याची सवय तर सोडायलाच हवी, डिझेल त्वचेतला ओशटपणा काढून टाकतं आणि तिला आणखी उघडी पाडतं.

कायद्याने हे ऑइल घातक कचरा आहे. २०१६ च्या घातक कचरा नियमांत त्याची स्वतंत्र नोंद आहे, आणि २०२३ च्या दुरुस्तीने १ एप्रिल २०२४ पासून ऑइल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर वापरलेलं ऑइल पुन्हा शुद्ध करून घेण्याची जबाबदारी टाकली आहे. मूळ तेल झिजत नाही, झिजतात ते घटक, म्हणूनच हे शक्य होतं: पाणी आणि डिझेल उडवून, निर्वातात ऊर्ध्वपातन करून, त्यातून पुन्हा ऑइल बनवण्याजोगं बेस ऑइल मिळतं. म्हणजे साइटवरच्या त्या काळ्या बॅरलला किंमत आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळाचा परवाना असलेल्या पुनर्शुद्धीकरण कारखान्याची गाडी ते घेऊन जाते आणि पावती देते. बॅरलला झाकण हवं, त्यात कूलंट, ब्रेक ऑइल किंवा थिनर मिसळायला नको. फिल्टर रात्रभर उलटा ठेवून निथळवला तर त्यातलंही ऑइल बॅरलमध्ये येतं. निथळलेला फिल्टर आणि माखलेली फडकी वेगळ्या पोत्यात घालून त्याच गाडीत द्यायची, कारण नियमांत तीही घातक कचऱ्यातच मोडतात.